वैनी, छत्री मिटली

वैनी, काल तुझा दहावा झाला. कावळा शिवला. शिवला म्हणजे असा, की मोशीपासून आळंदीपर्यंतचे झाडून सगळे कावळे नदीवर उतरले, आभाळ काळं झालं, आणि घाटावरच्या दोन म्हाताऱ्यांनी दिवेलागण झाली म्हणून हात जोडले.

तू असतीस तर पदराचा शेव दातात धरून विचारलं असतंस, "भावजी, किती कावळे?" मी म्हणालो असतो, शंभर तरी. तू नुसतं बघितलं असतंस. मग मी पन्नासवर आलो असतो. तू बघतच. मग दहा. मग तू भाकरी उलटली असतीस आणि मी खरं सांगून टाकलं असतं.

तीन होते, वैनी. त्यातला एक लंगडा.

आता मला शंभरावरून तीनवर उतरवणारं माणूस गेलं. इथून पुढं माझा आकडा कुठं जाऊन थांबेल, देव जाणे. म्हणून हे लिहायला बसलोय. कावळा शिवला हे गावाला ठाऊक आहे. कसा शिवला ते मला आणि आणखी एकालाच ठाऊक आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हणजे जातं, पण तिसरी भाकरी जात नाही.

तू गेलीस आणि घरात एकच प्रश्न उरला होता. शेवंताची शाळा राहते की जाते.

आपलं घर म्हणजे किती माणसं? दादा, तू, तुमची एकुलती शेवंता, आणि मी, धाकटा दीर. माझ्या थापांची कीर्ती पार खेड तालुका ओलांडून गेल्यामुळे मला कोणी मुलगी देत नाही, हे तूच सोयरिकीला आलेल्या लोकांना हसत सांगायचीस. तू या घरात आलीस तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो आणि माझं नाक पुसायचं कामही तुझ्याकडंच आलं. म्हणून मला तुला कधी अहोजाहो करणं जमलं नाही. तू मात्र त्या अर्ध्या चड्डीलाही "भावजी, तुमी" म्हणालीस. नाक पुसताना सुद्धा.

मग शेवंता झाली. दोन वर्षांची झाली, तीनची झाली, चौथं लागलं. बोलेना.

गावात ज्याला जीभ होती त्यानं औषध सांगितलं. कोणी म्हणालं जिभेला वेखंड लावा. कोणी म्हणालं देवळातली घंटा उलटी करून तिच्यातलं पाणी पाजा. आणि सगळ्यांचं एकमत होतं ते पोपटाच्या उष्ट्या पेरूवर. पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की लेकरू बोलायला लागतं. हे काम माझ्याकडं आलं. इंद्रायणीच्या काठची एकेक बाग मी पालथी घातली. पुढं पुढं एका पोपटाशी माझी इतकी ओळख झाली, की मला लांबून बघितलं की तो आपणहून पेरू टोचून खाली टाकायचा आणि घरची खुशाली विचारायचा.

"पोपट बोलला?" तू म्हणालीस.

"बोलला की."

"मग त्यालाच शाळेत घाला."

पेरू तू शेवंताला दिलेस. पेरू चांगलाच असतो म्हणालीस. पण घंटेचं पाणी दिलं नाहीस, वेखंड लावू दिलं नाहीस. आणि शेजारच्या आत्याबाई ओसरीवर बसून "मुकी हाय गं पोर, काय करायचं आता" म्हणाल्या, तेव्हा तू उठलीस, शेवंताच्या पाठीमागं जाऊन उभी राहिलीस आणि पळीनं तांब्या हळूच वाजवलास. शेवंता वळली. मग नुसती बांगडी वाजवलीस. तरी वळली. मग अगदी हळू म्हणालीस, "गूळ." तेव्हा ती अशी वळली, की आत्याबाईंच्या मांडीवरची परडी उडाली.

"ऐकतीया," तू म्हणालीस. "समजतं बी सगळं. आत काईतरी शिजतंय तिच्या. सारखं झाकण काढून बघू नका."

त्यानंतर तू आमच्यावर जो कायदा लावलास, तो इंग्रजानंही कोणावर लावला नसेल. शेवंतानं बोट दाखवलं की आम्ही तिघं धावत सुटायचो. पाणी हवं? गूळ हवा? बाहुली? तिनं मान हलवायची आणि आम्ही जिंकल्यासारखं हसायचो. एक दिवस तुझ्या ध्यानात आलं की तिच्या वाटचं आपणच बोलून टाकतोय. त्या दिवसापासून विचारायचं आणि थांबायचं. पाणी हवं का गूळ, एवढंच बोलायचं आणि तिच्या तोंडाकडं बघत गप्प बसायचं. ती काही आवाज काढेल, न काढेल, पण मध्ये कोणी बोलायचं नाही.

"भावजी, तुमी बी."

वैनी, मला उपाशी ठेवलं असतंस तर चाललं असतं. दादाला काय, तो जन्माचा घुमा. त्याला हा कायदा म्हणजे सणच. मी मात्र ओठ दाताखाली धरून बसायचो आणि माझ्या पोटात न बोललेले शब्द असे साठायचे, की रात्री झोपेत गडगडायचे. शेजारचे सकाळी विचारायचे, काल पाऊस झाला का.

पण एक गोष्ट मी तुझ्या आधी पाहिली होती, आणि ती मला अजून मिरवायची आहे. मी गोष्ट सांगत असलो की शेवंता हसायची. सगळं झाल्यावर नाही. थाप पुरी व्हायच्या जरा आधी. मी वळण घेतलं की तिला कळायचं, आता काका उडणार. गावात मोठमोठ्या माणसांना माझी थाप दुसऱ्या दिवशी कळते. या पोरीला अजून एक शब्द येत नव्हता आणि तिला ती आधी कळत होती. तुला हे सांगितलं तेव्हा तू हातातलं काम ठेवलंस आणि म्हणालीस, "मग सांगत राहा तिला. पण हळू सांगा. अन् मधी थांबत जा."

म्हणून त्या दिवशी मी हळू सांगत होतो. आपण जेवायला बसलो होतो. मी सांगत होतो की चाकणच्या बाजारात एवढा मोठा कांदा आलाय, की एका बैलगाडीत तो एकटाच मावला. चिरायला दोन माणसं लाकडाची करवत घेऊन बसली. पहिला काप पडला आणि बाजार रडायला लागला. दुसरा पडला आणि पार खेडपर्यंतची माणसं रडायला लागली.

इथं मी थांबलो. तुझा कायदा म्हणून थांबलो.

आणि शेवंता म्हणाली, "न्हाई."

तिच्या आयुष्यातला पहिला शब्द, वैनी. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. माझा कांदा खोटा आहे हे सांगायला ती पोर चार वर्षं गप्प बसून तयारी करत होती. दादाचा घास हातातच राहिला. आणि तू चुलीकडं तोंड फिरवलंस. नंतर म्हणालीस, धूर गेला डोळ्यात.

त्या वेळी चूल विझलेली होती, वैनी. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो. या घरात मी एकटाच खोटं बोलत नव्हतो.

मग बोलणं आलं. गाडी उशिरा सुटली पण मुक्कामाला पोचली. मधले शब्द सांडायचे, एखाद्या वस्तूचं नाव अगदी ओठावर येऊन अडायचं, मग ती हातानं आकार करून दाखवायची. पण बोलायची. आणि तुझं वळण तिनं उचललं. मी तोंड उघडलं की मायलेकी दोघी बघायला लागायच्या. दादा कोणाच्याच बाजूला नाही, समोर तुम्ही दोघी, आणि मध्ये माझं बिचारं सत्य.

आपल्याला वाटलं, संपलं दुखणं. मग ती शाळेत गेली.

अक्षर तिच्यापाशी टिकेना. आज शिकलेला घ उद्या तिला अनोळखी. घ आणि ध तिच्या लेखी एकच, भ आणि म सख्खे भाऊ. पाटीवर एखादं अक्षर उलट्या बाजूला तोंड करून बसायचं, आरशात दिसावं तसं. आणि तरी पहिल्या वर्षी कोणाला पत्ता नाही, कारण दुसरी पोरं धडा वाचायची तो हिला ऐकूनच पाठ व्हायचा. पुस्तक धरून, पानावर बोट फिरवत, घडाघडा म्हणून दाखवायची. एक दिवस हेडमास्तरांनी पुढचं पान उघडून दिलं. शेवंतानं त्या पानावर बोट ठेवून मागचाच धडा म्हटला. वर्ग हसला. ती घरी आली ती पाटी ओसरीवर ठेवून सरळ गोठ्यात गेली आणि गाईच्या अंगाला टेकून बसली. तुझी हाक आली तरी बोलली नाही. तू घाबरलीस. तुला वाटलं, मिळालेलं बोलणंही गेलं.

संध्याकाळी हेडमास्तर स्वतः आले. भला माणूस. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "पोरगी मठ्ठ नाही हो. गोष्ट सांगितली तर जशीच्या तशी सांगते. तोंडी हिशेब माझ्या आधी करते. पण अक्षर समोर आलं की काय होतं, मला कळत नाही. चार वर्ग माझ्याकडं आणि फळा एक. एकटीपुरतं मी काय करू?"

दादा म्हणाला, "मग काढतो तिला. लई झालं."

तू म्हणालीस, "काढायची न्हाई."

दादाच्या शब्दावर शब्द टाकताना मी तुला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मोठ्यानं नाही. तांदूळ निवडत होतीस, निवडतच राहिलीस. "बोलणं वाटेत हाय म्हणून आपण थांबलो का न्हाई? आलं का न्हाई? वाचणं बी वाटेत असंल. तिला डोळ्यानं पटकन उमगत न्हाई, तर दुसरीकडनं बघू."

दुसरीकडनं म्हणजे कुठून, हे तुलाही तेव्हा माहीत नव्हतं. तू चौथी शिकलेली, चाकणच्या माहेरी. पण तू तिच्याकडं बघत राहिलीस. ही पोर अंधारात कांद्याच्या वाफ्यात बसून गवत आणि रोप नुसत्या बोटांनी वेगळं करायची, हे तू पाहिलंस. एकदा हातानं केलेलं ती कधी विसरत नाही, हे पाहिलंस. मग चैत्र आला, तू कुरडयांचा चीक शिजवलास, सोऱ्या तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "गोल नको घालू. क घाल. हात उचलायचा न्हाई, अन् घालताना मोठ्यानं म्हणायचं."

त्या उन्हाळ्यात आपल्या बाजेवर बाराखडी वाळत पडली. सगळ्या आळीत गोल कुरडया आणि आपल्याकडं वीत वीत लांबीची अक्षरं. वाळली की तू शेवंताच्या डोळ्यांवर पदर बांधायचीस आणि एक अक्षर तिच्या हातात द्यायचीस. तिनं बोटानं चाचपायचं, वळणावरून बोट फिरवायचं आणि ओळखायचं. ओळखलं तर तळून खायला मिळायचं. चुकलं तर परत डब्यात. ग लवकर खाऊन झाला. घ आणि ध पार दिवाळीपर्यंत डब्यात होते.

आणि मला तू राखणीला बसवलंस. कारखान्यातून पाळी संपवून मी पिंपरीहून सायकल हाणत यायचो, आणि बाजेपाशी माझी काळी छत्री घेऊन बसायचो. कावळा आला की छत्री जरा हलवायची. उघडी छत्री, फक्त मनगटानं एक झटका. कावळा उडतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस सावली धरून बसलाय. या कामात मी असा तरबेज झालो, की पुढं पुढं कावळे मला नुसतं छत्री घेऊन बाहेर पडताना बघायचे आणि तालुका सोडायचे. तरी एकानं आपला ज्ञ पळवलाच. तो कावळा नंतर वडाच्या झाडावर बसून कीर्तन करत होता, असं मी म्हणालो, आणि तुम्ही दोघी एकदमच म्हणालात, "न्हाई."

शेवंताचा पहिला वाचलेला शब्द तू पाहिला नाहीस. मी पाहिला. तू शंभरदा विचारलंस आणि मी शंभरदा वेगवेगळा सांगितला. आज जसा झाला तसा सांगतो. पिंपरी स्टेशनात आम्ही उभे होतो. सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या दुकानातून तुला पातळ घेतलं होतं. ती फलाटावरच्या पाटीपुढं थांबली. उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावर फिरवायला लागली. गाडी आली. माणसं उतरली, चढली, एक हमाल आम्हाला चार शब्द सुनावून गेला. गाडी गेली. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, वैनी, अगदी दातांवर येऊन उभा. मी बोललो नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पिं. प. री." मग एकदम, "पिंपरी." आणि माझ्याकडं बघून, "काका, आपण तर पिंपरीतच हाय."

एवढंच झालं. बँड वाजला नाही, स्टेशनमास्तरनं पेढे वाटले नाहीत. ते मी घातलं होतं.

आता आपल्या भांडणाकडं येतो. ते अर्धंच राहिलंय.

चाकणच्या बाजारात मी सांगितलं की माझ्या वैनीच्या हातचं अक्षर खाल्लं की मुकं पोर बोलतं. यात खोटं काय होतं? पोर बोललं होतं, अक्षर खाल्लं होतं. मी जरा मागंपुढं केलं आणि फुगवलं. कुरडई तेलात फुगते तेवढंच. पुढच्या आठवड्यात आपल्या दारात बाया आल्या. कोणाच्या कडेवर तीन वर्षांचं, कोणाच्या बोटाला पाच वर्षांचं. बोलत नाही, उशीर झालाय, शाळेत मार खातंय. एक अक्षर द्या, बाई.

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी सायकल घेऊन पाळी नसताना कारखान्यात गेलो.

परत आलो तर अंगण भरलेलं. तू एकीलाही परत पाठवलं नव्हतंस. प्रत्येक लेकराच्या मागं उभी राहून तांब्या वाजवत होतीस. एकीला म्हणालीस, याला ऐकू येत न्हाई नीट, आधी डॉक्टराला दाखव. दुसरीला म्हणालीस, तू त्याच्या वाटचं बोलू नको, थांबायला शीक. आणि ती कॅम्पातली सिंधी बाई आठवते? घर सोडून आलेली, लेकराला छातीशी धरून बसलेली. "बहन, एक अक्षर मेरे को भी." गल्लीतल्या कोणी तिला सांगितलं होतं, आता इथलीच भाषा बोल, तरच पोर बोलेल. तिला मराठी येईना, हिंदी धड येईना, म्हणून ती लेकराशी बोलायचीच बंद झाली होती. तू तिचा हात धरलास. "तुझी आई तुझ्याशी जे बोलायची, त्येच बोल. रोज बोल. लई बोल." तिला किती कळलं कोण जाणे, पण ती तिथंच तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणायला लागली, आणि लेकरानं तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

त्या रात्री तू मला जेवायला वाढलंस आणि समोर बसलीस.

"अक्षर म्हंजे औषध न्हाई, भावजी."

"मी तसं सांगितलं नसतं तर आल्या असत्या का त्या?"

"नसत्या आल्या."

"मग?"

"मग काय. उद्या एखादी नुसतं अक्षर घिऊन जाईल, लेकराला खाऊ घालून वाट बघत बसंल. तिचं काय?"

"तू आहेस की सांगायला."

"मी किती दिवस पुरणार?"

यावर मी कांद्याचा विषय काढला. त्यानंतर हे भांडण आपण पिठाच्या गोळ्यासारखं रोज थोडं तिंबत राहिलो. खोटं बोलून भलं झालं तर ते खोटंच का? तू म्हणायचीस, खोटंच. मी म्हणायचो, भलंच. शेवंता मध्ये बसून एकदा तुझ्याकडं, एकदा माझ्याकडं बघायची. आणि नेहमी तुझ्या बाजूला जायची.

मग ताप आला. साधा म्हणून तू पांघरूण घेऊन निजलीस. चाकणहून डॉक्टर टांग्यानं आले तेव्हा त्यांनी दादाला बाहेर बोलावलं. मी आत तुझ्यापाशी होतो. तू म्हणालीस, "भावजी, शेवंताचं..." आणि दम लागला. मी थांबलो. तुझा कायदा. तू डोळे मिटून म्हणालीस, "राहू द्या. उद्या बोलू."

मी आयुष्यात फक्त तिथं थांबायला नको होतं, वैनी.

तू गेल्यावर दादानं एकदाच तोंड उघडलं. हेडमास्तर भेटायला आले होते, त्यांना म्हणाला, "अकरा वर्षांची हाय. तिसरीत बसतीया. घरात बाई न्हाई, चूल कोण पेटवणार? दहावा झाला की येतो अन् नाव काढतो." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. माणूस खचला होता. शेवंता उंबऱ्यात उभी होती. आत गेली आणि अक्षरांचा डबा फडताळात वर ठेवला, हात पोचणार नाही इतका वर.

काल घाटावर पिंड ठेवला. भात, त्यावर तुला आवडायची ती शेंगदाण्याची चटणी आणि शेजारी एक कुरडई. शेवंतानं तळली होती, गोल. भटजी उन्हात बसले होते, म्हणून मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो. केवढा समजूतदार माणूस, असं सगळ्यांना वाटलं.

कावळा लगेच आला होता, वैनी. तो लंगडा. पिंडापासून हातभर लांब उतरला. मी मनगटानं एक झटका दिला.

तुझा भाऊ हात जोडून पुढं आला. "अक्का, तुझ्या लेकीचं लगीन मी लावून दीन." तिन्ही कावळे फांदीवरून वाकून बघत होते. एकानं पंख उघडले. झटका. दादा म्हणाला, "तुझी गाय इकणार न्हाई." झटका. "तुझं तुळशीचं वृंदावन बांधून घीन." झटका. माझं मनगट भरून आलं. लोक कुजबुजायला लागले, काय राहिलंय बाईच्या मनात. भटजींनी घाम पुसला आणि दर्भाची काडी उचलली. "उशीर होतोय. दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ."

तेव्हा मी म्हणालो, "दादा, तिचा जीव कशात होता, ठाऊक आहे तुला. तेवढं सोडून सगळं बोललास."

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. शेवंताकडंही नाही. पिंडाकडं बघत उभा राहिला. सगळा घाट थांबला. मी पण.

मग तो म्हणाला, "पोरीची शाळा सुटणार न्हाई. भाकरी मी थापीन."

मी छत्री मिटली.

लंगडा पहिला उतरला. त्यानं भाताला चोच लावली, मग कुरडई उचलली. घाटावर बाया रडायला लागल्या. दादा मटकन खाली बसला आणि मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं तसा रडला. मग शेवंताला जवळ ओढून म्हणाला, "बघितलंस? तुझ्या आईनं ऐकलं. त्याचसाठी थांबली हुती, न्हाई का गं?"

शेवंता जमिनीवर बसली होती, पिंडासमोर. माझं मनगट तिच्या डोळ्यांच्या अगदी वर. चैत्रभर तिनं ते मनगट बघितलंय. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. तू बघायचीस तसं, आकडा खाली येईपर्यंत. मला वाटलं, संपलं. आता म्हणते ही. पहिल्या कांद्यापासून आजवर माझी एक थाप या पोरीनं सोडलेली नाही.

"व्हय," ती म्हणाली.

घरी येताना आम्ही दोघं मागं राहिलो. बांधावरून चालत होतो. ती म्हणाली, "काका, आई असती तर काय म्हणली असती?"

मी म्हणालो, "भावजी, छत्री मिटा."

"अन् मग?"

मला माहीत नाही, वैनी. भांडण तुझ्याशी होतं, तुझ्याविना मी ते जिंकलो असं म्हणणार नाही. तीन कावळे, एक छत्री आणि एक खोटं, एवढं तुझ्यापुढं ठेवतो. तू नुसती बघ. मी आपोआप खरं बोलेन.

आज सकाळी दादानं चूल पेटवली. त्याची पहिली भाकरी अशी झाली, की तिच्यावर मोशी, भोसरी आणि चाकणचा सगळा रस्ता दिसत होता. आम्ही ती खाल्ली. मग शेवंतानं फडताळाच्या खालच्या फळीवर चढून डबा खाली काढला, पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसली आणि वाचायला लागली. दोन ओळी गेल्या. तिसरीत अडली. बोट तळव्यावर फिरायला लागलं. दादानं मदत करायला तोंड उघडलं, तर मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अजून बोट फिरतंय. शब्द मला इथून दिसतोय, सोपा आहे.

आम्ही दोघं गप्प बसलोय, वैनी.